मी पाण्यासाठी झुरलेली यॉट

मी एक जुनी मोटर-यॉट आहे. मला होडी म्हणू नका, मित्रांनो, मला राग येतो. माझे अंग सागवानी फळ्यांचे आहे आणि पोटात दोन डिझेल इंजिने आहेत. बसायला गादीच्या खुर्च्या आहेत. आणि एवढे सगळे असून मी कित्येक वर्षे कोरड्या जमिनीवर उभी होते. समुद्रापासून लांब, बडोद्यात, पादरा रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये!

माझा जन्म मुंबईचा. सुरुवातीची वर्षे मी समुद्रावर मजेत फिरले. मग भरूचच्या एका हौशी शेठने मला नर्मदेत आणले. शेठ गेले, मुलांना माझ्यात रस नव्हता. त्यांनी मला काठावर ओढून ठेवले आणि विसरून गेले. माझ्या केबिनमध्ये कबुतरांनी घरटी केली. इंजिने गंजून अशी घट्ट बसली की कोणी हलवली तरी हलेनात.

तिथे मला गोविंदरावांनी पाहिले. ते बडोद्याजवळ कोयलीच्या तेल रिफायनरीत यंत्रदुरुस्ती खात्यात होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि शालिनीबाईंना म्हणाले, "हिला पुन्हा चालती करतो. तुला मही नदीतून फिरवून आणतो बघ." शालिनीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवत असत. त्या हसल्या. मीही मनात हसले. वाटले, आता आपले दिवस पालटले. त्यांनी मला विकत घेतले आणि बडोद्याच्या त्या शेडमध्ये आणले.

गोविंदरावांचे काम मात्र चोख, हे मी रागातही कबूल करते. त्यांनी दोन्ही इंजिने बाहेर काढली आणि शेवटच्या नटापर्यंत खोलली. अडकलेल्या पिस्टनांना दिवसेंदिवस डिझेलमध्ये भिजवले, पण जोराने हातोडा कधी मारला नाही. नव्या रिंगा, नवी बेअरिंगे, नवी गॅस्केटे बसवली. ज्या दिवशी डावे इंजिन खोकले आणि मग एका लयीत धडधडू लागले, त्या दिवशी गोविंदराव रडले. खोटे कशाला सांगू?

पण माझ्या फळ्यांचे काय? त्या शेडमध्ये उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि माझे लाकूड सुकून आक्रसायचे. फळ्यांमधल्या फटी रुंदावत होत्या. लाकडी बोट पाण्यात उतरवली की सुरुवातीला पाझरतेच, मित्रांनो. मग लाकूड पाणी पिते, फुगते आणि फटी आपोआप मिटतात. दोन-तीन दिवस थांबावे लागते, इतकेच.

थांबेल कोण? गोविंदरावांचे सारे आयुष्य रिफायनरीत गेलेले. तिथे गळती म्हणजे संकट. थेंब दिसला की आधी सगळे बंद, मग तपासणी. मला पहिल्यांदा महीत उतरवले आणि तळाशी पाणी दिसले, तसे ते ओरडले, "बाहेर काढा!" अंग धड ओलेही झाले नव्हते, तोवर मी पुन्हा शेडमध्ये. त्यांनी फटींत नवा कापूस ठासला, वर लांबी म्हणजे पुट्टी भरली. लाकूड पुन्हा सुकले. दुसऱ्या वेळीही तेच. आणि दर वेळी इंजिने पुन्हा खोलायची! ठणठणीत इंजिने! माझा नुसता संताप होई.

शालिनीबाई म्हणाल्या, "अहो, नागरवाड्यातल्या आपल्या घराचा मागचा दरवाजा पावसाळ्यात फुगतो ना? तसंच हिचं होईल. जरा राहू द्या पाण्यात."

"दरवाजा वेगळा, बोट वेगळी," गोविंदराव म्हणाले. "गळती कधी आपोआप थांबते का? या वेळी गळली तर संपलं. इंजिनं पादऱ्याच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकतो."

म्हणजे मी संपले! इंजिने गेल्यावर उरतो तो लाकडांचा ढीग.

तिसऱ्यांदा मला उतरवले ते उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी. क्रेनवाले पीयूषभाई मला पाण्यात सोडून घाईने निघून गेले. थोड्याच वेळात पाणी पाझरू लागले. गोविंदरावांनी लगेच फोन लावला.

"काका, हुं तो दोरी रंगाववा ऊभो छुं," पतंगाच्या मांजासाठी रांगेत उभे असलेले पीयूषभाई पलीकडून म्हणाले. "काले उत्तरायण, परमदिवसे वासी उत्तरायण. धाबा परथी कोण ऊतरे?"

उत्तरायणाचे दोन्ही दिवस सगळे बडोदे पतंग घेऊन गच्चीवर असते. क्रेन कुठून येणार? गोविंदराव चरफडले. पाणी उपसणारा पंप लावून काठावर बसून राहिले. शालिनीबाईंनी उंधियू, जिलेबी आणि तीळगूळ आणला. तीळगूळ खातानाही गोविंदरावांचे कान पंपाकडेच होते.

मी पाणी पीत होते. पोटभर पीत होते. पहिल्या दिवशी पंप सारखा घरघरला. दुसऱ्या दिवशी मध्ये मध्ये थांबू लागला. तिसऱ्या सकाळी तो नुसती हवा ओढू लागला.

आता तरी समजावे की नाही? गोविंदराव म्हणाले, "पंप बिघडला!" त्यांनी पंप खोलला. पंप धडधाकट होता. मग ते वाकून माझ्या तळाशी हात फिरवू लागले. तळ कोरडा होता.

"कारण कळल्याशिवाय चालवायची नाही," ते म्हणाले. "बाहेर काढून बघू."

मला बोलता आले असते तर महीच्या दोन्ही काठांना ऐकू गेले असते! सण संपला होता. पीयूषभाई आले, माझ्या पोटाखालून पट्टे घातले. इतक्यात शालिनीबाई फळीवरून आत आल्या आणि सरळ खुर्चीत बसल्या.

"उतर, शालिनी. उचलायचीय तिला."

"मला घेऊन उचला."

पीयूषभाईंनी हात जोडले. "माणस बेठुं होय तो हुं ना उठावुं, काका."

"भार उचलताना त्यावर माणूस नको, हा नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवलात ना?" शालिनीबाई म्हणाल्या. "मी उतरणार नाही. तुम्ही मला फिरवून आणणार होतात. मी केव्हापासून वाट बघतेय. पट्टे काढा."

नियम गोविंदरावांचाच होता. शेवटी त्यांनी खूण केली. पट्टे निघाले. आधी डावे इंजिन सुरू झाले, मग उजवे, आणि मी, मित्रांनो, मी चालू लागले! किती वर्षांनी माझ्या नाकासमोर पाणी दुभंगत होते.

आणि गोविंदराव? ते टॉर्च घेऊन, तळावरचे झाकण उघडून आत डोके घालून पालथे पडले होते. काठ मागे गेला, बगळे उडाले, त्यांनी काही पाहिले नाही. सुकाणूवर शालिनीबाईंचा हात होता. दुसऱ्या हाताने त्यांनी गोविंदरावांचा सदरा धरून ओढला.

"आता तरी वर बघा हो."

त्यांनी वर पाहिले. आधी नदीकडे, मग शालिनीबाईंकडे. टॉर्च विझवली आणि त्यांच्याशेजारी येऊन बसले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी सायकल, शिलाई मशीन किंवा कॅमेरा दुरुस्त करून, पुसून कोपऱ्यात ठेवलेला असेल. तो बाहेर काढा. आमची काळजी घ्या, पण आम्हाला आमचे कामही करू द्या. सुरुवातीला आम्ही कुरकुर करू, थोडे गळूही. तेवढ्यावर आम्हाला परत नेऊ नका. जरा थांबा.