हात थांबवणारा घोट

वेरोनाच्या टेबलावर त्या सकाळी अठ्ठेचाळीस हॅट होत्या. बत्तीस राखाडी, बारा तपकिरी, चार काळ्या. काळ्यांपैकी एकीच्या काठावर बोटभर डाग होता, ती तिनं बाजूला ठेवली. हॅटच्या आत चामड्याची पट्टी आणि बाहेरून रेशमी फीत शिवायची, हे हॅटच्या फॅक्टरीतलं तिचं काम. ते १९३९ साल होतं. उघड्या डोक्यानं रस्त्यावर फिरणारा पुरुष म्हणजे एकतर वेडा किंवा घर जळालेला, असं लोक समजत, आणि अमेरिकेतली निम्मी डोकी आपणच झाकतो अशी या गावाची ऐट होती.

सहावी हॅट हातात असताना शेजारच्या टेबलावरची असुंता वाकून म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला डॉक्टरनं बोलावलंय. आत्ताच गेला."

"प्यायला नव्हता ना?"

"म्हणजे काय? चांगला शीळ घालत गेला."

वेरोनानं सुई खाली ठेवली. शीळ घालत गेला म्हणजे पिऊनच गेला, हे तिला कळलं.

रात्री तिनं बापाला बजावलं होतं. "तातो, उद्या घ्यायची नाही. एक थेंबही नाही." ओंद्रे ह्रिन्कोनं मान हलवली होती. अर्थात त्याची मान हल्ली न विचारताही हलायची.

ओंद्रे सव्वीस वर्षं मागच्या शेडमध्ये होता. सशाच्या लवेचे केस एकमेकांना धरून बसावेत म्हणून ती लव आधी पाऱ्याच्या पाण्यानं भिजवायची. लवेचा रंग गाजरासारखा होई. मग त्या लवेचे टोप गरम पाण्यात बुडवून, दाबून, आवळून त्यांचं नमद्यासारखं घट्ट फेल्ट करायचं, आणि त्या पाण्याची वाफ दिवसभर छातीत घ्यायची. काही वर्षांनी बोटं थरथरू लागत. मग ओठ. मग दात हलत. मग आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस बायकोवर ताट फेकायला लागे. गाव याला नुसतं 'कंप' म्हणायचं, सर्दी म्हणावं तसं. पहाटे गुत्ते उघडत ते मागच्या शेडवाल्यांसाठीच. एक घोट पोटात गेला की हात तासभर थांबे. ज्याला तो पहिला पेलाही तोंडापर्यंत नेता येत नसे, तो गळ्यात टॉवेल घाली, एक टोक पेल्यासकट मुठीत धरी आणि दुसऱ्या टोकानं ओढून पेला वर आणी. कुणी हसत नसे. सगळ्यांचेच बाप तसे पीत.

यंदा मात्र कंपनीनं नवा डॉक्टर आणला होता, पेल नावाचा. हात हलतो का ते बघायला तो प्रत्येकाला कागदावर सही करायला लावी आणि मग तोंडाचा वास घेई. महिन्यात तीन जणांना त्यानं दारुडे ठरवून घालवलं होतं. आजारी पडलेल्या कामगाराला संघटनेच्या फंडातून मरेपर्यंत काहीतरी मिळे. दारुड्याला काहीही नाही.

वेरोना डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या बोळात पोचली तेव्हा ओंद्रे दार उघडून बाहेर येत होता. चेहरा फुललेला.

"बघायला हवं होतंस! एक रेघ हलली नाही. शाळेतल्या पोरासारखी सही!"

त्याच्या तोंडाला राय व्हिस्कीचा वास येत होता.

"तातो, मी काय सांगितलं होतं?"

"अगं, फीनीनं दिली. मुकादम स्वतः बाटली घेऊन आला, म्हणाला, ओंद्रे, आज तुला लागेल. त्याला नाही कसं म्हणू?"

आतून पेलचा आवाज आला. "ह्रिन्को, उद्यापासून येऊ नका. सकाळी आठ वाजता प्यायलेला माणूस मी उकळत्या पाण्यापाशी उभा करू शकत नाही."

ओंद्रेला आधी कळलंच नाही. "पण डॉक्टरसाहेब, हात हलला नाही ना..."

वेरोना त्याला बाजूला सारून आत घुसली. "हात थांबावा म्हणून प्यायले ते!"

"म्हणजे एरवी हलतो."

"हलतो! तुमच्या पाऱ्यानं!"

"मिस ह्रिन्को, दारूचा पुरावा मला नाकानं मिळाला. पाऱ्याचा तुमच्याकडे आहे?"

"एकदा मागच्या शेडमध्ये जाऊन तेच नाक वापरा. गेलायत कधी? तिथली वाफ बूट खराब करते म्हणून जात नाही ना?"

पेलनं पुढच्या माणसाला हाक मारली.

बोळात फीनी उभा होता. "पोरी, मी चांगल्यासाठीच दिली गं. माझ्या बापालाही मी अशीच..."

"तेच तर!" वेरोना कडाडली. "पन्नास वर्षं तुम्ही एकमेकांना चांगल्यासाठी पाजताय आणि हे कंपनीवाले तुमच्या तोंडाचा वास घेऊन मोकळे होताहेत! खिशातला हात काढून दाखवा बघू, मिस्टर फीनी."

फीनीनं हात काढला नाही.

स्लोव्हाक चर्चच्या तळघरात दहा दिवसांपासून एक सरकारी केमिस्ट बसून होता. एका दिवसाची लघवी बरणीत भरून आणा, पारा मोजून देतो, म्हणत होता. एकही माणूस फिरकला नव्हता. पारा निघाला तर फॅक्टरी बंद पडेल ही एक धास्ती. आणि खरं कारण म्हणजे ती बरणी मेन स्ट्रीटवरून न्यायची कुणी?

संध्याकाळी वेरोनानं केमिस्टची आम्लानं धुतलेली बरणी स्वयंपाकघरात आणून ठेवली.

"हे काय?"

"यात करायचं. उद्या दिवसभर."

"सव्वीस वर्षं मी सेनेटरांच्या हॅट केल्या. आता बरणीत मुतून सरकारला दाखवू?"

"हो."

"गाव हसेल."

"हसू दे. हसताना त्यांचे पेले सांडतील."

कोबीच्या सूपची बशी तिच्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली. ओंद्रे आपल्या हाताकडे बघत राहिला. सूप भिंतीवरून खाली ओघळत होतं.

"हे मी नाही केलं," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला." तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. फक्त तो या माणसावर नव्हता. तिनं दुसऱ्या बशीत सूप वाढलं आणि चमच्यानं त्याला भरवलं, तो शिव्या देत असताना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं बरणी घेतली. केमिस्टनं झाकायला खाकी पिशवी दिली होती, ती तिनं घरीच ठेवली. फॅक्टरी सुटायची वेळ तिनं मुद्दाम साधली. रस्ता हॅट घातलेल्या पुरुषांनी भरला होता आणि ती काचेची बरणी छातीशी धरून मधोमध चालली.

"काय गं वेरोना, बिअर का?" गुत्त्याच्या दारातून एकानं विचारलं. हशा झाला.

"नाही, मिस्टर बॉइल, माझ्या बापाचं मूत. हसताय काय? तुमचा तो गळ्यातला टॉवेल आधी काढा, मग हसा!"

हशा तिथंच थांबला. बॉइलनं टॉवेल ओढून पाठीमागे लपवला.

"लपवा! बायकोपासून लपवा, डॉक्टरपासून लपवा! ते तुम्हाला एकेक करून दारुडे म्हणून हाकलतील आणि तुम्ही एकेक करून लाजत घरी जाल!"

तळघराच्या पायऱ्या ती उतरली तेव्हा मागे पावलं वाजली. फीनी होता. त्यानं दोन्ही हात खिशाबाहेर काढले होते आणि ते वाऱ्यावरच्या पानासारखे हलत होते. "मलाही एक बरणी द्या," तो केमिस्टला म्हणाला, वेरोनाकडे न बघता.

रविवारपर्यंत एकोणचाळीस बरण्या जमल्या. संघटना हट्ट धरून बसल्यामुळे निकालाच्या दिवशी डॉक्टर पेलला तळघरात यावं लागलं. तो पहिल्या बाकावर बसला, हॅट गुडघ्यावर ठेवून. ओंद्रे त्याच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, कारण वेरोनानं त्याला तिथंच बसवलं. त्या दिवशी तो काहीही प्यायला नव्हता, आणि त्याच्या कापण्यानं अख्खा बाक कुरकुरत होता.

"तुम्ही काय सांगणार ते मला ठाऊक आहे," पेल केमिस्टला म्हणाला. "पारा थोडा सगळ्यांच्याच अंगात असतो."

"म्हणून मी माझीही बरणी तपासली," केमिस्ट म्हणाला. "शिवाय गावातल्या न्हाव्याची आणि पाद्रीबाबांची. तिघांतही पारा सापडला नाही."

मग त्यानं पहिल्या बरणीचा आकडा सांगितला. ओंद्रे ह्रिन्को, एका लिटरमागे पारा शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर शतांश मिलिग्रॅम. "याच्या निम्म्या पाऱ्यानंही हात कापू लागतो," तो पेलला म्हणाला, "दारूचा थेंब न घेता."