लोकपसंतीचा ढोल

उत्कर्षाने पप्पांच्या शर्टाच्या खिशातून गुलाबी चिठ्ठी अलगद ओढून घेतली आणि पाठीमागे धरून ती सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"दे की इकडं. चुरगाळशील," पप्पा म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं.

"काय लिहिणार आहात?"

"काय म्हणजे? कोरडेवाडी."

"पप्पा, कोरडेवाडीचा ढोल अजून वाजलाच नाही!"

"वाजल्यावर काय वेगळं लिहायचंय?"

आजीला हे इतकं पटलं की ती तोंडाला पदर लावून हसली. आई मात्र मान खाली घालून शेंगा सोलत होती. सतरंजीच्या अगदी कडेला, निम्मी सतरंजीवर आणि निम्मी मातीत.

फेब्रुवारीतला रविवार होता, पण ऊन आत्ताच एप्रिलसारखं तापलं होतं. जुळे सोलापुरातल्या मैदानावर समाजाच्या पोरांनी मांडव घालून ढोलांचा मेळावा भरवला होता. सांगोल्याकडचे, मंगळवेढ्याकडचे, करमाळ्याकडचे असे आठ गावांचे ढोल, म्हणजे आठ पथकं, आली होती. परीक्षक होते, त्यांची बक्षिसं होती. पण एक बक्षीस लोकांनी द्यायचं होतं, 'लोकपसंतीचा ढोल'. त्यासाठी दारातच चिठ्ठ्या वाटल्या होत्या. माणशी नाही, घराला एक.

ते 'घराला एक' उत्कर्षाला आल्यापासून टोचत होतं.

त्याला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी नववी ब मध्ये इंग्रजीच्या मॅडमनी सगळ्यांना आपापल्या आवडत्या बँडबद्दल दोन मिनिटं बोलायला लावलं होतं. एकामागून एक मुली उठल्या आणि त्याच एका कोरियन मुलांच्या बँडचं नाव सांगून बसल्या. उत्कर्षाने उठून मिझोरामच्या पाच मुलींच्या बँडचं नाव सांगितलं, जे वर्गात कुणीच ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावरून हूऽऽ झालं. गेल्या वर्षीची उत्कर्षा असती तर खाली बसून वहीत डोकं घातलं असतं. ही उत्कर्षा म्हणाली, "माझा बँड मी निवडलाय. वर्गाने नाही." हू थांबलं. तेव्हापासून तिला आपल्याच आवाजाची चटक लागली होती. तो बँड तिने फक्त मोबाईलवर पाहिला होता, तेही फाटक्या स्पीकरवर, पण तो मुद्दा वेगळा.

"आई, तुझा आवडता ढोल कुठला गं?" तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"आपला की," आई म्हणाली.

"आपला म्हणजे कुणाचा?"

"तुज्या पप्पांचा. कोरडेवाडीचा." आईने सोललेले दाणे आजीच्या वाटीत टाकले.

उत्तर आजीला आवडलं, म्हणून उत्कर्षाला आवडलं नाही.

आई मूळची हुलगूरची. तिचे वडील, बिरप्पा आप्पा, हुलगूरचा ढोल वाजवायचे आणि लहानपणी आई जत्रेच्या गर्दीत त्यांच्या मागे मागे असायची. कातडं ताणलं जावं म्हणून ढोलाला ऊब देताना जवळ बसायची, झोप आली की ढोल ठेवायच्या पोत्यावरच झोपायची. हे सगळं ती पोळ्या लाटताना सांगायची आणि लाटणं कधी पोळपाटावर ताल धरायला लागायचं ते तिलाही कळायचं नाही. पण या दोन गावांत रीत अशी की लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासू नव्या सुनेच्या हातावर भंडारा ठेवते. सुनेने तो सासरच्या ढोलावर उधळायचा, माहेरची माणसं समोर उभी असताना. तिथून पुढे तिचा ढोल तो. आईने सतरा वर्षांपूर्वी उधळला. आप्पा तेव्हा समोरच्या बाजूला वाजवत होते.

हे ऐकल्या दिवसापासून उत्कर्षाच्या पोटात एक मोर्चा निघालेला होता. त्याला आज मैदान मिळालं होतं.

"आलो बरं का मावशी!" फेटा सावरत सिद्धाप्पा मामा आला आणि आजीच्या पाया पडला. हुलगूरच्या ढोलात तो कैताळ वाजवायचा. ताटाएवढ्या त्या झांजा त्याच्या गळ्यात लोंबत होत्या.

"आलास व्हय हरायला?" आजी म्हणाली.

"हरायला यायचं म्हंजे तुमच्याच शेजारी बसावं लागंल की."

"बस की मग. शेंगा खा. तेवढंच जमतंय तुमास्नी."

मामा हसत आईकडे वळला. "अक्का, चिठ्ठी कुणाला?"

आईने तोंड उघडायच्या आत आजी बोलली. "तिची चिठ्ठी कुटली? चिठ्ठी घराची हाय."

मामा अजूनही हसत होता, पण जरा कमी. माइकवरून हुलगूरचं नाव पुकारलं गेलं आणि तो पळाला.

हुलगूरचा ढोल सुरू झाला. मधोमध झालरीची मोठी छत्री, भोवती पायघोळ अंगरख्यांचा फेर, हातातले रुमाल एकदम वर, एकदम खाली. उत्कर्षाचं फेराकडे लक्ष नव्हतं. ती आईकडे बघत होती. आईचे ओठ हलत होते. मधेच आईने डोळे मिटले, कपाळावर आठी आली आणि तिने "च्" केलं. 'बघा,' उत्कर्षा मनात म्हणाली, 'बघा, किती आतून येतंय तिला.'

मग कोरडेवाडी. ढोल बारा, त्यामुळे मांडवाचे खांबसुद्धा सामील झाले. पप्पा एरवी जिल्हा परिषदेत टेबलामागे पोटावर हात ठेवून बसणारा माणूस. ते दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होते. आजीने कमरेची पिशवी सोडली आणि भंडाऱ्याची चिमूट आईच्या तळहातावर ठेवली.

"सुकन्या, ऊठ."

आई उठली. पुढे गेली, भंडारा उधळला, परत येऊन होती तिथे, निम्मी मातीत, बसली. उत्कर्षाने दात आवळले आणि भाषणाची तयारी सुरू केली. सुरुवात 'सतरा वर्षं' या शब्दांनी करायची हे तिने पक्कं ठरवलं.

त्यानंतरच्या ढोलांच्या वेळी निम्मा मांडव उसाच्या रसाच्या गाड्याकडे गेला. करमाळ्याकडचं कुठलंसं पथक आलं, सहाच माणसं, दोन ढोल, एकाचा फेटा तर दुसऱ्याच रंगाचा. पप्पा गाववाल्यांशी बोलत होते. आजी म्हणाली, "अगं, दाणं संपलं," आणि पुन्हा म्हणाली, "सुकन्या, दाणं." उत्कर्षा तेव्हा भाषणाच्या तिसऱ्या वाक्यावर होती. 'कुणी कधी तिला विचारलंय का' की 'तिला कधी कुणी विचारलंय का', कुठलं जास्त लागेल ते ती ठरवत होती.

शेवटचा ढोल थांबला. चिठ्ठ्या पेटीत टाकायला माइकवरून सांगितलं गेलं. पप्पांनी हात पुढे केला.

उत्कर्षा उभी राहिली. "या वेळी चिठ्ठी आई लिहिणार."

"बस खाली. लोक बघतायत."

"बघू देत. सतरा वर्षं झाली. सतरा वर्षं आई तुमच्या ढोलावर भंडारा टाकतीय. तिला कधी कुणी विचारलंय का, तुला कुठला आवडतो?"

शेजारच्या सतरंजीवरच्या बायका रसाचे ग्लास हातात धरून वळल्या. मामा कैताळ काखेत मारून आला होता, तो चार पावलांवरच थांबला.

"इचारायचं काय त्यात?" आजी म्हणाली. "ती काय येगळं लिवणार हाय?"

"मग लिहू दे की तिला! भीती कशाची?"

हे शेवटचं भाषणात नव्हतं, आपोआप आलं, आणि चांगलंच बसलं. पप्पांचा चेहरा लाल झाला. गावाकडची माणसं बघत होती, ऑफिसातले एक साहेबही दोन रांगा मागे होते. पप्पांनी पेन सतरंजीवर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

"लिही म्हणावं. मला काय फरक पडतोय."

उत्कर्षाने पेन उचललं, चिठ्ठी उघडली, आईच्या गुडघ्यावर पिशवीतली आपली वही ठेवली आणि तिच्या शेजारी मातीत बसली. वर्गातल्या त्या हू थांबल्याच्या क्षणापेक्षा हा मोठा होता. आईने टरफलांचे हात पदराला पुसले. पेन धरलं. थांबली.

"घाबरू नको, आई. हुलगूर लिही. मी आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. आजी 'ऊठ' म्हणाली होती तेव्हा आजीकडे जसं पाहिलं होतं, साधारण तसंच. मग तिने विचारलं,

"त्या करमाळ्याकडच्यांच्या गावाचं नाव काय गं होतं? ती सहा माणसं."

शेवटी शेजारच्या बायकांतली एक म्हणाली, "पिंपळवस्ती."

"हां. पिंपळवस्ती." आई लिहायला लागली.

"अक्का?" मामाचा आवाज बारीक झाला. "अगं, मी हितं..."

"तू तिसऱ्या घाईत, चाल बदलली तिथं, दोनदा मागं पडलास," आई मान वर न करता म्हणाली. "पाय पुढं गेले, कैताळ मागं राहिलं. आप्पा असते तर हातातनं काढून घेतलं असतं."

मामाने काखेतलं कैताळ दुसऱ्या काखेत घेतलं.

पप्पांना हसू आवरेना. "बघ सिद्धा! मी म्हणत होतो की नाही!"

"आणि आपल्या गावचा नुसता आवाज लई," आई म्हणाली. "बारा ढोल, पण ऐकू एकबी येत न्हाई."

पप्पांचं हसू होतं तिथेच राहिलं, खाली कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

"पण आई," उत्कर्षा म्हणाली. तिला आपला आवाज पहिल्यांदाच चिरका वाटला. "पिंपळवस्तीचं आपलं काय आहे? ते आपले कोण लागतात?"

"पोरगी बराबर बोलली," आजी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने नातीकडे कौतुकाने पाहिलं.

उत्कर्षाचे कान तापले.

"कोण न्हाईत," आई म्हणाली. "त्यांनी वाजवता वाजवता हात थांबवला मधेच. सगळ्यांनी एकदम. आणि परत उचलला तो तितनंच, जितनं सोडला होता. मी एवढ्या जत्रा ऐकल्या, आप्पांच्यात ऐकल्या, तुमच्यात ऐकल्या, पण असं न्हाई ऐकलं." ती जराशी थांबली. "तुमी कुणी ऐकलंच न्हाई व्हय?"

पप्पांनी सवयीने हात पुढे केला. "आण, मी टाकून येतो."

आईने चिठ्ठीची घडी केली, घडीची घडी केली, आणि मुठीत धरून उठली. उत्कर्षाही उठली.

"मी येते सोबत."

"तू बस," आई म्हणाली.

ती एकटीच गेली. मैदान ओलांडायला तिला वेळ लागला, कारण सगळीकडे ओळखीची माणसं होती आणि प्रत्येकजण काहीतरी विचारत होता. ती थांबत होती, हसत होती, पण मूठ उघडत नव्हती. पेटीवरच्या माणसानेही काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. चिठ्ठी पेटीत गेली.

त्यानंतर तिने परत यायला हवं होतं, पण ती मांडवाच्या मागे वळली, जिथे पथकांचे टेम्पो उभे होते. दुसऱ्या रंगाच्या फेट्याचा माणूस दोरी आवळत होता. आई त्याच्याशी बोलायला लागली. बोलता बोलता तिने डावा तळहात पुढे धरला, उजव्या हाताच्या बोटांनी त्यावर काहीतरी वाजवलं, मधेच बोटं हवेत थांबवली आणि त्याच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं.

"एवढं काय वाजवलं गं त्यांनी?" आजीने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

उत्कर्षाने पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मामाकडे. मामा फेट्याचं टोक नीट करत होता.

"मला नाही माहीत," उत्कर्षा म्हणाली.

तिकडे त्या माणसाने दोरी सोडली, आत कुणाला तरी हाक मारली आणि टेम्पोत चढवलेला ढोल दोघांनी मिळून परत खाली घेतला.