शामकलाबाईचा गंज

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना, पोचा पडलेला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, आहे खरा. पण फुलचूरच्या त्या घरात काय घडलं, ते माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही.

तीस वर्षं मी शामकलाबाईचा चहाचा गंज होतो. आमगावच्या बाजारात तिनं मला चांगलं वाजवून घेतलं. दुपारचे चार वाजले की गवती चहाची पात माझ्यात पडलीच म्हणून समजा. एकदा शेतावर तिच्या हातून मी दगडावर आपटलो. काठाला पोचा पडला, अन् त्यातून धार अशी नेमकी पडू लागली की ती हसत सुटली.

मागच्या पौषात ती गेली. आमच्याकडे माणूस गेलं की जिथं प्राण गेला तिथं दिवा लावतात आणि दहा दिवस विझू देत नाहीत. त्याच्या उजेडात जीवाला वाट सापडते म्हणे. राखण सुनेकडे, रेणूकडे होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी भरून परतते तो काय, दिवा विझलेला! सासरे यादोराव तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तुले एक दिवा नाही सांभाळता आला? अंधारात गेली माही शामकला."

दिवा कसा विझला ते मी पाहिलं होतं. पण गंजाला कुठली आलीये वाचा!

तेव्हापासून रेणू मेणबत्त्यांच्या मागे लागली. मोबाइलवर पाहून तिनं सोयाचं पांढरं मेण मागवलं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात मला ठेवून मेण वितळवायचं, जरा निवलं की गवती चहाचं तेल घालायचं आणि वाती लावलेल्या ग्लासांत ओतायचं. माझा पोचा पुन्हा कामी आला. शेजारची दुर्गेश्वरी म्हणाली, "वा रे गंज! विकत काऊन नाही तू ह्या?" पण रेणू सगळ्या जाळायची, दिवा विझला त्याच कोपऱ्यात. एक संपायच्या आत तिच्यावरून दुसरी.

अन् तो वास दाटला की शामकलाबाई घरात यायची. खोटं नाही सांगत, माझ्या काठावरून तिची बोटं फिरत. यादोराव चपला शोधत बाहेर पळत.

परवा कोपऱ्यातली मेणबत्ती तळाला आली आणि नवं मेण अजून ओतायचंच होतं. घाईत रेणूनं मला कपडा न घेताच उचललं. यादोराव दारातच थबकले.

"सोड पोरी, हात भाजून राहिला तुहा!"

"विझन मामाजी. पुन्हा विझन."

म्हातारा तिच्याजवळ येऊन बसला. "तुह्यानं नाही विझला तो. चार वाजले होते. सवयीनं मी दोघांचा चहा मांडाले हाच गंज काढला. माह्या शेल्याचा वारा लागला. मीच विझवला, अन् दोष तुह्यावर ढकलला."

"काऊन नाही सांगतलं?"

"भेव वाटलं, पोरी."

रेणूनं मला खाली ठेवलं. ज्योत फडफडली, विझली. या वेळी तिनं दुसरी लावली नाही. भाजलेला हात पदरात धरून ती रडत राहिली, वर्षभराचं सगळं.

मित्रांनो, मला घासा, न घासा, अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण तुम्हाला तोंड आहे. आपली चूक दुसऱ्याच्या डोक्यावर एक दिवसही राहू देऊ नका.

आता त्या कोपऱ्यात काहीच जळत नाही. तरी चार वाजले की गवती चहाचा वास येतोच. यादोराव पळत नाहीत. "ये, बस," म्हणतात आणि खाटेवर जरा सरकून जागा करतात.