बारागाड्यांचा उतार

पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं हे पिंपळझिऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते तिकडेच का वाहतं, हे तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती. चोपड्याहून यावलकडे निघालं की केळीच्या बागांमध्ये हे गाव लागतं. गावात नगरपंचायत आली, पाटी बदलली, ग्रामसेवकाच्या खुर्चीत मुख्याधिकारी बसला. मात्र वेशीपासून खंडेरावाच्या देवळापर्यंतचा मोठा रस्ता होता तसाच राहिला. चार थेंब पडले की सगळं पाणी त्या रस्त्यावरून देवळाकडे धावायचं आणि देवळामागच्या खालच्या आळीत घराघरांत शिरायचं. पाणी जिथे जायला हवं तो नाला वेशीबाहेर, बरोबर उलट्या टोकाला, कोरडा ठणठणीत पडलेला असायचा.

रोहिणी या खालच्या आळीची नगरसेविका. निवडणुकीत ती भुरीबाईच्या ओट्यावर बसून बोलून गेली होती, की पुढच्या पावसाळ्यात तुझ्या चुलीत पाणी येणार नाही. भुरीबाई मूळची सातपुड्याच्या पायथ्याची, केळीच्या बागांत मजुरीला आलेली आणि मग इथलीच झालेली. दारापुढे तिने विटांची गुडघाभर पाळ बांधली होती आणि ती ओलांडूनच घरात जावं लागायचं. तिने रोहिणीचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आक्का, पाळ काय मी इतक्यात फोडत नाही. रोहिणीला ते लागलं, पण दर वर्षी चूल भिजायची ती भुरीबाईची.

मग पावसाळी पाण्याच्या आराखड्यासाठी धुळ्याहून हितेंद्र नावाचा तरुण इंजिनिअर आला. तीन पायांवर दुर्बीण उभी करायचा, आकडे लिहायचा, मान हलवायचा. उंचीची पट्टी धरायला माणूस मिळेना, म्हणून रोहिणीने पदर खोचला आणि भर उन्हात पट्टी धरून रस्ताभर फिरली. हितेंद्रने वेशीजवळ खड्डा खणायला लावला. वर काँक्रीट, त्याखाली मुरमाची जाड भर, आणि कितीतरी खोल गेल्यावर मूळची काळी माती लागली. खड्ड्यात डोकावून तो जवळजवळ नाचलाच.

"ताई, जमिनीचा खरा उतार नाल्याकडेच आहे. वेशीपाशी कुणीतरी मुद्दाम कंबरभर भर टाकलीय. तुमच्या गावाने आपला रस्ता उलटा केलाय."

रोहिणीनेही खड्ड्यात डोकावून बघितलं. म्हणजे पंप नको, पाइप नको. भर उपसायची, उतार फिरवायचा, दोन्ही कडांना गटार घ्यायचं, की पाणी आपल्या पायाने नाल्यात जाईल. एवढं सोपं. ती आनंदाने घराकडे निघाली, आणि ओट्यावर बसलेले सासरे दिसताच ती वाटेतच थांबली. भर कुणी टाकली आणि कशासाठी, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

निंबा आबा, म्हणजे तिचे सासरे, खंडेरावाचे भगत होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढायचा मान त्यांचा. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत नवसाची माणसं खच्चून भरायची, बैल एकही नाही, आणि भगताने कंबरेला दोर बांधून त्या वेशीपासून देवळापर्यंत ओढायच्या. देव अंगात येतो आणि तोच ओढतो अशी गावाची श्रद्धा. आबांच्या वडिलांनी कच्च्या मातीच्या रस्त्यावर ओढल्या. पुढे ग्रामपंचायतीच्या काळात पहिलं काँक्रीट आलं. गाड्या देवाच्या पायाशी सुखाने जाव्यात म्हणून जुन्या मंडळींनी वेशीपाशी भर टाकून रस्ता देवळाकडे उतरता केला. नेमक्या त्याच वर्षी भगतपणाचा दोर बापाच्या कंबरेवरून आबांच्या कंबरेला आला. देवाची सोय केली म्हणून गाव खुश. पाणीही त्याच उताराने देवाला भेटायला येईल, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता बोला!

आराखड्यावरच्या सभेत तर मोठी मौज झाली. मोठ्या रस्त्याचा उतार फिरवायचा म्हटल्यावर सभागृह नुसतं ढवळून निघालं. रुपचंदशेठ, किराणा दुकानदार आणि जुने नगरसेवक, तावातावाने उठले. म्हणाले, उतार बदलू नये. का, असं विचारलं तर म्हणे परंपरा आहे. कसली, तर म्हणे वाट देवाची आहे. दुसरा म्हणाला वास्तू बिघडेल, तिसऱ्याला बाजाराची अडचण आठवली. खरं कारण एकाच्याही तोंडातून निघेना. निघणार कसं? गाड्या चढावर जाणार नाहीत असं म्हणायचं, म्हणजे आजवर त्या देवाने नाही तर उताराने ओढल्या असं कबूल करायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बिचारे घाम पुसत राहिले. रोहिणीला हसूही येत होतं आणि रागही येत होता. भुरीबाईसह खालची अख्खी आळी दारात दाटीने उभी होती आणि हे लोक वास्तू काढून बसले होते. तिला राहवलं नाही.

"एकच सांगा. गाड्या देव ओढतो की उतार?"

सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे निंबा आबा बसले होते. रोहिणीने जीभ चावली. आपण कुणाला कोंडीत पकडलं हे तिला तेव्हा उमगलं. आबा सावकाश उठले, टोपी सारखी केली.

"देव वढस," ते म्हणाले. "उतार फिरावा."

ठराव मंजूर झाला. पण रुपचंदशेठ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी भर सभेत सगळ्यांकडून वदवून घेतलं, की आखाजीला गाड्या अडल्या तर देवाचा कौल विरोधात समजायचा. मग रस्ता पुन्हा होता तसा करायचा आणि बाकीच्या गल्ल्यांचा आराखडाही गुंडाळून ठेवायचा. टाळ्या पडल्या. खालच्या आळीचं नशीब असं एका म्हाताऱ्याच्या कंबरेला बांधलं गेलं.

घरी सासू सुमनबाईंनी रोहिणीशी बोलणं टाकलं. बोलल्या त्या एकदाच. सासऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडलीस, या वयात चढावर ओढताना काही झालं तर तुझी गटारं काय चाटायची आहेत का, असं म्हणाल्या आणि ताट आपटून आत गेल्या. आबा मात्र रोज सकाळी रस्त्याच्या कामावर जायचे आणि हात मागे बांधून खोदकाम बघत उभे राहायचे. एकदा रोहिणी धीर करून शेजारी जाऊन उभी राहिली. आबा हळूच बोलले. बापाने दोर देताना एकच नेम सांगितला होता, ओढताना मागे बघायचं नाही, बघितलं की देव निघून जातो. आजवर त्यांनी नेम मोडला नव्हता. पण बापाने चढावर ओढल्या आणि आपण कायम उतारावर, तेव्हा आपल्या अंगात देव खरंच येतो की नाही, हे त्यांना स्वतःलाच कधी कळलं नव्हतं. माणूस इतकी वर्षं हे मनात घेऊन झोपतो कसा, असं रोहिणीला वाटलं.

काम मात्र झक्कास झालं. हितेंद्र ठेकेदाराच्या मानेवर बसल्यासारखा उभा असायचा. जुना थर नुसता झाकून वर नवा चढवू दिला नाही, मुळापासून उपसायला लावला. गटारांवर उचलता येतील असे ढापे बसवले, म्हणजे गाळ काढायला सोपं. शेवटच्या दिवशी त्याने देवळापाशी पाण्याचा टँकर उभा केला आणि तोटी सोडली. सगळा गाव रस्त्याच्या कडेला! पाणी क्षणभर थबकलं, इकडे तिकडे पसरलं आणि मग जे वेशीकडे सुटलं, की पोरं त्याच्यासोबत ओरडत पळाली. रोहिणीही पळाली, नगरसेविका असल्याचं विसरून, चप्पल हातात घेऊन. पाणी गटारात उतरलं, ढाप्यांखालून खळखळत नाल्यात पडलं. खालच्या आळीकडे एक थेंब गेला नाही. भुरीबाईने डोळ्यांना पदर लावला. पण पाळ फोडतेस का विचारलं, तर म्हणाली, आखाजी होऊ दे.

आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, झाडांना झोके लागले, सकाळपासून गावात पुरणाचा वास दरवळत होता. दुपार कलली तशा बारा गाड्या वेशीपाशी एकमेकींना बांधल्या गेल्या. माणसं चढली. आणि या वर्षी रुपचंदशेठही आपलं सगळं वजन घेऊन पहिल्याच गाडीत बसले होते, त्याआधी कधी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आबांनी हळद लावली, भंडारा उधळला, कंबरेला दोर बांधला. आधाराला दोन बाजूंना दोन बगले उभे राहिले. ढोल वाजायला लागला. रोहिणी शेवटच्या गाडीमागे बायकांमध्ये उभी होती.

येळकोट येळकोटचा गजर झाला आणि गाड्या हलल्या. अख्खा गाव एकदम ओरडला. चाकं कुरकुरत पुढे सरकली. ग्रामपंचायतीचं जुनं कार्यालय मागे पडलं, पिठाची गिरणी मागे पडली. मग चढ जाणवायला लागला. आबांची पाठ आणखी वाकली, पावलं आखूड झाली, आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध गाड्या थांबल्या. ढोलही थांबला. पहिल्या गाडीतून रुपचंदशेठनी मान वळवून मागे बघितलं, ते नेमकं रोहिणीकडे. सुमनबाईंनी देवळाच्या पायरीवरून हात जोडले.

आबा तसेच उभे राहिले. दोर ताठ, मान पुढे, धाप लागलेली. मागे न बघताच त्यांनी आवाज दिला.

"बठ्ठा उतरा."

सगळे उतरा म्हटलं तरी कुणी हलेना. गाडीत बसणं म्हणजे नवस, अर्ध्या वाटेत उतरायचं कसं? तेवढ्यात मधल्या गाडीतून भुरीबाई लुगडं सावरत खाली आली. तिच्यामागे खालच्या आळीची माणसं धपाधप उतरली. मग बाकीची. शेवटी लाजेकाजेने रुपचंदशेठही उतरले. पण उतरलेली माणसं कडेला झाली नाहीत. कुणी सांगितलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि एकेक हात गाडीच्या लाकडाला लागला. बायका नवसाला गाडीत बसायच्या, पण गाड्या ढकलायला त्यांनी हात लावायची रीत नव्हती. रोहिणीने लावला. पुढे मधल्या गाडीला भुरीबाईने लावला. आणि पुढून दोराला एक हिसका बसला.

चाकं फिरली. काय तो गजर, काय तो भंडारा! अख्खा रस्ता पिवळा झाला. हितेंद्र धुळ्याचा शिकलेला माणूस, कोपरापर्यंत पिवळा होऊन गाडीला भिडला होता आणि गाड्या चढावर धावत होत्या. पहिल्या गाडीचं जू देवळाच्या पायरीला टेकलं तेव्हा आबा पायरीवरच आडवे झाले. सुमनबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रोहिणी गर्दीतून धावत पोचली, तर सासूने तिचा हात धरून तिलाही शेजारी बसवून घेतलं. रुपचंदशेठ कौलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कसे बोलतील, त्यांच्याही तळहाताला गाडीचं वंगण लागलं होतं. तिन्हीसांजेच्या आत भुरीबाईच्या घरासमोरून कुदळीचा आवाज आला. पाळ फुटत होती.

घरी सुमनबाई आबांच्या पाठीला तेल चोळत होत्या. रोहिणी चहा घेऊन आली तशी आबांनी तिला समोर बसायला सांगितलं. त्यांनी कप हातात घेतला.

"खरं सांग माय. मांगे कोनी हात लावा व्हता का?"

सुमनबाईंचा हात थबकला. त्यांनी डोळ्यांनी रोहिणीला खुणावलं, नाही म्हण. रोहिणीलाही क्षणभर वाटलं, नाही म्हणावं, म्हाताऱ्याला सुखाने झोपू द्यावं. पण उताराचं खोटं इतकी वर्षं त्याच्या उशाशी होतं, त्यात आपण आणखी भर टाकायची?

"लावला, आबा. सगळ्यांनीच लावला. मी पण."

आबांनी कप खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रोहिणी घाबरून उठली, आणि बघते तर म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता.

"माना बाप म्हने, मांगे देखू नको, देव निंघी जास," आबा म्हणाले. "मी समजनू, देव पुढे शे. तो मांगेच व्हता."