पहिल्या वाढपाचा मान

शैलाताईंना बुधीचं सगळंच खुपायचं. तिचं कशालाही खळखळून हसणं खुपायचं, भाकरी थापताना वाजणाऱ्या तिच्या बांगड्या खुपायच्या, आणि सर्वांत जास्त खुपायची ती तिच्या कमरेला लटकणारी कोठीची किल्ली. कारण तीच किल्ली आधी शैलाताईंच्या कमरेला होती.

मठ चिंचणीहून तारापूरकडे जाताना लागतो, सुरूच्या बनाला चिकटून. दोघी तिथं राहून सेवा करणाऱ्या. शैलाताई चिंचणीच्या, चिकूच्या वाडीवाल्या घरातल्या. नवऱ्यानं टाकलं, भावजयीची बोलणी खाण्यापेक्षा देवाचं दार बरं म्हणून इथं आल्या. बुधी बोईसरच्या पलीकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. परकराच्या वयात भांडी घासायला आली ती इथलीच झाली. पगार दोघींनाही नाही. दोन वेळचं जेवण, वर्षाची लुगडी, निजायला खोली, आणि सेवेकरी म्हणवून घ्यायचं समाधान.

मठाची एक रीत होती. ज्याच्याकडे कोठीची किल्ली, त्यानं भंडाऱ्याच्या पंगतीत पहिला भात वाढायचा. आमदार बसलेला असो नाहीतर कारखानदार, त्या हातानं वाढल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. शैलाताईंनी हा मान कितीतरी वर्षं मिरवला. मग एकदा टायफॉइड झाला, त्या भावाकडे पडून राहिल्या आणि किल्ली बुधीकडे गेली. परत आल्या तेव्हा म्हातारे महाराज नाचणीची भाकरी मोडत म्हणाले, "राहू दे आता बुधीकडेच. तिच्या हाताला चव आहे." शैलाताई हसल्या. पण पोटात जे दुखायला लागलं ते महाराज समाधिस्थ झाले तरी थांबलं नाही. दर पंगतीला बुधी पुढे आणि आपण मागे आमटीची बादली घेऊन! देवाच्या घरी मत्सर नसावा म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी आमटीची बादली धरलेली नसते.

महाराजांमागे नवे विश्वस्त आले. त्यांनी बोईसरच्या एका केटररला स्वयंपाकघर द्यायचं ठरवलं. राहणाऱ्या सगळ्या सेवेकऱ्यांना पहिल्यापासूनचे व्यवस्थापक दिनानाथरावांनी सभामंडपात बसवून गोड आवाजात सांगितलं, "तुमची सेवा पूर्ण झाली. आता घरी जाऊन नामस्मरण करा." ज्यांना घर होतं त्यांनी पिशव्या भरल्या. गरज सरो, वैद्य मरो. बुधी मात्र हलली नाही. तिचा भाचा कमलेश एमआयडीसीत कामाला, तिथल्या युनियनमध्ये होता. त्यानं तिच्या नावानं कामगार खात्यात तक्रार ठोकली: मावशी सेवेकरी नाही, कामगार आहे; तिला असं काढता येणार नाही.

दिनानाथराव लगोलग शैलाताईंकडे आले. "पालघरहून अधिकारी बाई येणार आहेत चौकशीला. तुम्ही एवढंच सांगा, की इथं कोणी कोणाला काम सांगत नाही. ज्याला वाटतं तो भक्तीनं करतो. बाकी तुमचं मी बघतो. केटररवर देखरेखीला आपलं माणूस लागणारच. खोली तुमचीच. किल्लीही तुमच्याकडे."

खोलीचं ऐकून शैलाताईंच्या जिवात जीव आला. वाडी भावाच्या नावावर, त्याच्या घरी आता सून आलेली. मठ सुटला तर डोकं टेकायला जागा नव्हती. आणि किल्लीचं ऐकून तर त्यांना रात्रभर गोड झोप लागली.

चौकशी सभामंडपातच झाली. अधिकारी बाई खुर्चीवर, दिनानाथराव शेजारी, समोर सतरंजीवर बुधी आणि कमलेश. शैलाताई खांबाला टेकून बसल्या. सांगायचं वाक्य त्यांनी जपासारखं घोळवून पाठ केलं होतं.

"दिवसभर काय करायच्या?" बाईंनी बुधीला विचारलं.

"पाटं उठायची. चूल, भात, भाकऱ्या. भंडारा असला का दोन दोन हजार मानूस जेवायचा."

"सुट्टी?"

"सुट्टी कसली, बाय? माजी आय मेली तवा पन निरोप उशिरा आला. पंगती उठल्या, भांडी झाली, मंग गेले. मी पोचले तवा माती झाली होती." बुधीनं पदरानं नाक पुसलं. "पन अन्नाला कदी उशीर नाय केला. ही अख्खी कोठी मीच सांभाळली."

मीच!

शैलाताईंच्या कानशिलात कोणीतरी वाजवल्यासारखं झालं. इतक्या वर्षांची कोठी, तांदळाला लावलेली बोरिक पावडर, उन्हात घातलेल्या डाळी, आणि सांभाळली कोणी तर म्हणे हिनं! दिनानाथराव खुणेनं 'थांबा, थांबा' करत होते, पण ते आता कोणाला दिसणार?

"तू सांभाळलीस?" शैलाताई उठून उभ्याच राहिल्या. मठात राहून कमावलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "काय सांभाळलंस गो तू? तुला तांदूळ निवडायला मी शिकवला! तू माज्या हाताखाली होतीस. कोणी कदी उठायचा, कोणी काय रांधायचा, कोणाला घरी सोडायचा, सगळा मी ठरवायची. दिनानाथराव मला सांगायचे नि मी तुमाला सांगायची!"

"शैलाताई, बसा," दिनानाथराव म्हणाले.

"का बसू? हिला विचारा ना! हिची आय गेली तवा निरोप सकाळीच आला होता. तवा किल्ली माजी, म्हनून माज्याकडं आला. गुरुपौर्णिमेचा भंडारा, एक पन बाई सोडायची नाय, हे कोनी सांगितलं? तुमीच ना? मंग पंगती उठेपर्यंत तो निरोप मी दाबून ठेवला. मी! हिला सोडायचं का नाय ते माज्या हातात होतं!"

अधिकारी बाईंचं पेन भराभर चालत होतं. कमलेशला चेहऱ्यावरचा आनंद आवरत नव्हता, मग त्यानं मावशीकडे पाहिलं आणि तो आवरला. बुधी शैलाताईंकडे बघत होती. कमरेची किल्ली तिनं सोडली आणि सतरंजीवर ठेवली.

"म्हणजे हुकूम द्यायचे, आणि ते पाळावे लागायचे," अधिकारी बाई दिनानाथरावांना म्हणाल्या. "याला भक्ती म्हणता तुम्ही?"

तेव्हा कुठे शैलाताईंच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. पण सुटलेला शब्द का परत येतो? अधिकारी बाईंची गाडी फाटकाबाहेर पडली तसे दिनानाथराव शैलाताईंच्या खोलीशी आले. "तुमचीही सेवा पूर्ण झाली," म्हणाले. आवाज अजूनही गोडच होता.

फाटकाबाहेर बुधी आणि कमलेश बोईसरच्या रिक्षेची वाट पाहत उभे होते. शैलाताई पिशवी घेऊन आल्या आणि जरा लांब थांबल्या. चिंचणीकडे जाणारी एक रिक्षा आली. त्यांनी हात केला नाही, रिक्षा निघून गेली.

कमलेशच पुढे आला. "ताई, तुमाला पन काढलं ना? तक्रारीत नाव घालू तुमचं? जेवडी नावं वाढतील तेवडं बरं."

शैलाताईंनी कागद हातात घेतला. बुधीचं नाव पहिलं होतं, खाली भली मोठी जागा रिकामी. नाव घातलं तर खोली मिळायची काहीतरी आशा होती. पण इथंही मागेच? इथंही आमटीची बादली? त्या बोलून गेल्याच.

"घाल. पन हिच्या वर घाल. मी आदी आलेय मठात."

कमलेशनं मावशीकडे पाहिलं. बुधी रस्त्याकडे तोंड करूनच बोलली.

"लिव वर. आयचा निरोप पन आदी तिलाच आला होता."

कमलेशनं पेन पुढे केलं. शैलाताईंनी कागद पिशवीवर टेकवला आणि वरच्या कोपऱ्यात, बुधीच्या डोक्यावर, आपलं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली. लिहून झाल्यावर सवयीनं त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बुधीकडे पाहिलं, हिला किती झोंबलं ते बघायला.

बुधी पाहतच नव्हती.