शेवटचा बॉल

नीळकंठराव जाऊन अठरा दिवस झाले होते. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी बास्केटबॉलच्या सामन्यांची वेळ राखली, पण जिंकून देणारी बास्केट एकदाही पाहिली नाही. शेवटच्या दहा सेकंदांत नजर स्टॉपवॉचवरून हलवायची नाही, हा त्यांचा दंडक. मागच्या पायरीवर बसलेली त्यांची मुलगी वैजयंती त्यांच्या वाटचं पाहून घेई आणि घरी जाताना शेवटचा बॉल कसा पडला ते बाबांना सांगे. नोकरी लागल्यावरही तिची ही सवय सुटली नव्हती.

फायनलच्या आधी स्पर्धा भरवणारे विश्वासकाका घरी आले. "त्यांच्याकडून शिकलेली तू एकटीच. बसशील का गं वेळ राखायला टेबलावर?"

ती बसली.

हबीबगंजचा रेल्वेचा संघ एका गुणाने पुढे होता. पाच सेकंद उरले असताना टाउनशिपच्या दत्तूला बॉल मिळाला आणि वैजयंतीची मान आपसूक वर झाली. बॉल जाळीतून खाली आला तेव्हा कुठे तिला घंटेची आठवण झाली. घंटा वाजवून तिने खाली पाहिलं. वेळ संपून चार सेकंद झाले होते.

रेल्वेचे खेळाडू ओरडत टेबलाशी आले. रेफरी सुभाष सरांनी त्यांना मागे सारलं, दुसऱ्या पंचांना विचारलं, मग तिच्यासमोर वाकले.

"बॉल घंटेआधी सुटला, हे आम्ही दोघांनी पाहिलंय. घंटा वेळेवर झाली का, ते तूच सांगू शकतेस. शीटवर माझी सही झाली की मग काही बदलत नाही."

"हो म्हण ना, वैजू," मागून कुणीतरी म्हणालं. "शील्ड यंदा नीळकंठकाकांच्याच नावाची आहे यार."

"उशिरा झाली, सर. बॉल दत्तूच्या हातात होता, तेव्हाच वेळ संपली होती. मी घड्याळ बघत नव्हते."

"मग काय बघत होतीस?"

"बॉल."

सरांनी बास्केट रद्द केली आणि सही केली.

मैदान रिकामं होत आलं तेव्हा दत्तू टेबलापाशी येऊन खाली बसला. "तुझ्याशी बोलायचं नाहीये मला," तो म्हणाला. बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. "मी तर आडवा पडलो होतो. गेला कसा तो?"

"दोघांना चुकवलंस. मग फळीला लागला, रिंगवर आला..."

तिने बाबांचं स्टॉपवॉच मुठीत धरलं.

दत्तूने दुसरा बूट काढला. "सावकाश सांग," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय."