आईचा उजवा

मुलाच्या मित्राने पिशवीतून उडताना घालायचा ओव्हरऑल काढून टेबलावर पसरला, तेव्हा तिने मशीनची सुई मुद्दाम मोडली. कापडाखाली कात्रीची कड सरकवून चाक फिरवलं की सुई मोडते. नवशिक्या पोरींकडून हे चुकून होतं. तिने ठरवून केलं.

"झालं! सुई गेली," ती म्हणाली. "आज काही व्हायचं नाही आता."

"डबीत नव्या आहेत की," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला दुकानात दोनच कामं होती: आलेल्याला खुर्ची देणं आणि बायकोची चेष्टा करणं. दोन्ही तो मन लावून करी.

"तू लवकर मिळायची आशा धरू नकोस हं," तो मित्राला म्हणाला. "हिच्याकडून पहिल्या खेपेला कपडा मिळालेला माणूस अजून जन्माला यायचाय. ट्रायलला बोलावल्याशिवाय चैन पडत नाही हिला."

मित्र हसला, पण बेताने. तो आणि त्यांचा मुलगा एकत्र विमान उडवायला शिकलेले, एकाच तुकडीत उडणारे. मुलगा गेला तेव्हा युद्ध नव्हतं, काही नव्हतं. सकाळचं रोजचं सरावाचं उड्डाण होतं. त्यानंतर मित्र आज पहिल्यांदाच दुकानात आला होता आणि आल्या आल्या त्याने कामच काढलं होतं.

"काकू, मांडीवर खिसा हवाय. तसाच. उजव्याचा होता ना, तसा."

"कोण उजव्या?"

मित्राने जीभ चावली. "तोच. आम्ही त्याला उजव्याच म्हणायचो. खिसा सांगितला उजवीकडे आणि आला डावीकडे. सगळे हसले, तर याने काय म्हणावं? 'चुकलेला नाही, हा आईचा उजवा आहे.' मग काय, जेवताना कुणी मीठ मागितलं की सगळे ओरडायचे, आईच्या उजवीकडे बघ!"

नवरा मोठ्याने हसला. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता. तिने मात्र मोडक्या सुईचं टोक बोटाने चाचपायला घेतलं.

चूक साधी होती. मापं घेताना ती गिऱ्हाइकासमोर उभी राही, तेव्हा तिचा उजवा तो त्याचा डावा. एरवी ती हे मनातल्या मनात फिरवून घेई. पोटच्या पोराचं माप घेताना फिरवायचं राहिलं. उकलून देते म्हणाली, तर तो म्हणाला, राहू दे गं, चालतंय. पेन्सिल आणि आंबट गोळ्या तर ठेवायच्यात.

तो गेल्यावर तिला कुणाकडून तरी कळलं, की वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्ये एक हँडल असतं. जीव वाचवायचा तर ते ओढायचं; खुर्ची त्याला घेऊन विमानाबाहेर उडते. त्या दिवसापासून तिने पँटी शिवणं बंद केलं. डोळे साथ देत नाहीत, असं गिऱ्हाइकांना सांगितलं. तेच डोळे ब्लाउजचे बारीक हुक मात्र मजेत लावत होते, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही.

"काकू? शिवाल ना?"

"तो खिसा..." ती म्हणाली आणि थांबली. "तो खिसा मध्ये आला का रे? त्याचा हात अडकला का त्यात?"

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं.

मित्राला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठला, काय करावं ते न सुचून पुन्हा बसला.

"नाही, काकू. हात पोचला होता. दोन्ही हात. हँडल ओढलेलं सापडलं. छत्री उघडायला उंचीच उरली नव्हती."

तिने डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले. मग तसेच थांबले.

"म्हणजे त्याला कळलं होतं," ती म्हणाली. "घरी सांगायला आले होते ते साहेब म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्याला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तू मला खिशाचं सांगितलंस?"

ती उठली. पडद्याकडे बोट दाखवून मित्राला म्हणाली, "जा, घालून ये."

तो ओव्हरऑल घालून आला, तशी ती खडू घेऊन त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"कुठल्या बाजूला?"

"आईचा उजवा," तो म्हणाला.

तिने रेघ मारली. रेघ वाकडी आली. हाताने पुसून पुन्हा मारली, पुन्हा वाकडी. आपलाच हात थरथरतोय असं वाटून तिने तो उचलून पाहिला. हात स्थिर होता.

तिने त्याच्या मांडीवर तळवा टेकला आणि वर न बघता विचारलं, "उड्डाण कधी आहे?"

"सोमवारी. तो गेल्यापासून पहिलंच. मी जमिनीवरचं काम मागून घेतलं होतं. हा खिसा असला की... म्हणजे, बरं वाटेल."

त्याचा पाय थरथरायचा थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग रेघ मारली, टाचण्या लावल्या आणि त्याला बदलायला पाठवलं. ओव्हरऑल हातात येताच तिने तो ट्रायलच्या कपड्यांच्या खुंटीवर अडकवला.

"हा इथेच राहील. सोमवारी जुना घाल."

"पण काकू, मला सोमवारीच..."

"मंगळवारी ट्रायलला ये. माझ्याकडे पहिल्या खेपेला कपडा मिळत नाही. विचार काकांना."

मित्राने काकांकडे पाहिलं. इथे त्यांनी चेष्टा करायला हवी होती. ते उठले, डबीतून नवी सुई काढली आणि बायकोपुढे धरली. तिने ती मशीनला न लावता टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली.

मित्र पायरीवर थांबून बूट घालत होता. नाडी बांधायला त्याला वेळ लागला.

"येतो, काकू."

"मंगळवारी," ती म्हणाली.